केंद्राचा पैसा, गावची शाळा : बीदर-कलबुर्गीच्या लेकरांना काय मिळतं, कुठं अडतं

बीदर / कलबुर्गी : औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या एखाद्या सरकारी मराठी शाळेत दुपारी डोकावून बघा. फळ्यावर मराठी, ऑफिसातलं परिपत्रक कन्नडमध्ये, आणि ताटातला तांदूळ दिल्लीचा. मुलांच्या अंगावरचा गणवेश, दप्तरातली पुस्तकं, नववीतल्या मुलीच्या खात्यावर येणारी शिष्यवृत्ती, या सगळ्यांत केंद्र सरकारचा कमी-जास्त वाटा असतो. पण कोणती योजना कुणाची, रक्कम किती, अर्ज कुठं करायचा आणि पैसे आले नाहीत तर कुणाला विचारायचं, हे बहुतेक पालकांना नीट ठाऊक नसतं. सीमेवरच्या कुटुंबांना तर आणखी एक प्रश्न सतावतो : सासर कर्नाटकात, माहेर महाराष्ट्रात, ऊसतोडीला तिसरीकडे. मग लेकराचा हक्क कोणत्या राज्यात?

या योजनांची एकत्र माहिती पुढे दिली आहे.

गरज कुठं आहे

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची साक्षरता ७५.४ टक्के होती. बीदरची ७०.५ आणि कलबुर्गीची ६४.९ टक्के. कलबुर्गीत स्त्रियांची साक्षरता ५५ टक्क्यांच्या आसपासच होती. २०२५ च्या दहावीच्या, म्हणजे एस.एस.एल.सी.च्या निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात सगळ्यात खाली राहिला, निकाल ४२.४३ टक्के. निजाम राजवटीतून आलेल्या या भागाचं मागासलेपण घटनेनंही मान्य केलं आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३७१-जे त्यासाठीच आहे. पण ते मुख्यतः नोकऱ्या, उच्च शिक्षणातल्या जागा आणि विकास मंडळाचा निधी यांच्यापुरतं. पहिली ते दहावीच्या मुलाला रोजचा आधार मिळतो तो केंद्र आणि राज्य मिळून चालवत असलेल्या योजनांतून.

पैसा येतो कसा

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. तेव्हापासून शाळा राज्याची असली तरी केंद्राला त्यात कायदा आणि पैसा दोन्ही घालता येतात. आयकरावर आज जो ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो, त्यातला शिक्षणाचा भाग २००४ मध्ये २ टक्क्यांनी सुरू झाला होता.

सगळ्यात मोठी योजना समग्र शिक्षा. २०१८-१९ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण या तीन योजना एकत्र करून ती तयार झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झालेला एकूण आकडा २,९४,२८३ कोटी रुपयांचा, त्यात केंद्राचा वाटा १,८५,३९८ कोटी. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगण या तिन्ही राज्यांना केंद्र ६० आणि राज्य ४० असा हिशेब लागतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना तो ९० आणि १० असा आहे.

अमेरिकेत १९६५ च्या शालेय शिक्षण कायद्याने 'टायटल वन' नावाची मदत सुरू झाली. तिथे ज्या शाळेत गरीब मुलं जास्त, त्या शाळेला केंद्राचा पैसा जास्त जातो. आपल्याकडे बरीचशी मदत मुलाच्या नावाने, त्याच्या जात-उत्पन्न-इयत्तेच्या कागदावरून ठरते. त्यामुळे कागद चुकला की मदत चुकली.

कागद न मागता मिळणारं : जेवण, गणवेश, पुस्तकं

दुपारच्या जेवणाला इकडं बिसिऊट म्हणतात. केंद्राने ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली, तेव्हा बऱ्याच राज्यांत कोरडं धान्य वाटलं जाई. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. कर्नाटकात 'अक्षर दासोह' जून २००२ मध्ये सुरू झाली ती आधी उत्तरेच्या सात मागास जिल्ह्यांत, आणि त्यात बीदर व गुलबर्गा होते. २०२१ मध्ये केंद्राने योजनेचं नाव पी.एम. पोषण केलं.

नियम असा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. धान्य पूर्ण केंद्राचं. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यासाठी मे २०२५ पासून प्रत्येक मुलामागे रोज ६.७८ रुपये (प्राथमिक) आणि १०.१७ रुपये (उच्च प्राथमिक) असा दर आहे, तो ६०-४० वाटला जातो. म्हणजे शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेत एका दिवसाचा डाळ-भाजी-तेल-सरपण सगळा खर्च ६७८ रुपयांत बसवायचा. नववी-दहावीचं जेवण आणि सकाळचं दूध राज्य आपल्या खर्चाने देतं. डिसेंबर २०२१ मध्ये मागास जिल्ह्यांत अंडी सुरू झाली, त्यातही बीदर-कलबुर्गी होते. काही मठांनी विरोध केला. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळी किंवा चिक्की देण्याची सोय ठेवून योजना पुढे राज्यभर गेली.

हे अन्न शिजवणाऱ्या बायांचं मानधन मात्र केंद्राच्या नियमात २००९ पासून महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने, एवढंच राहिलं आहे. वरची भर राज्य घालतं.

गणवेशासाठी समग्र शिक्षेत वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत : आठवीपर्यंतच्या सगळ्या मुलींना, आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. बाकी मुलांचा गणवेश आणि बूट-मोजे राज्य देतं. पाठ्यपुस्तकांचा दर प्राथमिकला २५० आणि उच्च प्राथमिकला ४०० रुपये. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठी माध्यमाची पुस्तकंही छापतो. या तिन्ही गोष्टींसाठी पालकाने एक रुपयाही द्यायचा नाही. शाळेच्या पटावर नाव असलं की झालं.

मुली, दिव्यांग आणि गाव सोडून जाणारी मुलं

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ पासून आहेत. मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी ही निवासी शाळा. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास व अल्पसंख्याक मुलींना. उरलेल्या २५ टक्क्यांत दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना आधी घ्यायचं. आधी सहावी ते आठवी होती, २०१८-१९ पासून बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूद झाली. बीदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांत ही विद्यालयं आहेत. आठवीनंतर हायस्कूल लांब म्हणून मुलगी घरी बसते, तिथे हा पर्याय पालकांनी आधी विचारावा.

दिव्यांग मुलींना समग्र शिक्षेतून बारावीपर्यंत महिना २०० रुपये, दहा महिने, असा भत्ता आहे. शिवाय ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या नववी-दहावीच्या मुला-मुलींना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. यू.डी.आय.डी. कार्ड लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न अवघड. दसरा-दिवाळीनंतर तांडे रिकामे होतात आणि मुलं आई-बापाबरोबर फडात जातात. समग्र शिक्षेत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. पण त्यासाठी कुटुंबं निघण्याआधी शाळेकडून यादी जावी लागते. मूल सोलापूर किंवा सांगलीकडे गेलं तर तिथल्या शाळेने त्याला दाखला नसतानाही बसवून घेतलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

नववीपासून : शिष्यवृत्त्या

केंद्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्या नववीपासून सुरू होतात. मुख्य अशा :

• अनुसूचित जाती, नववी-दहावी : घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ७,०००. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. सफाई, कातडी कमावणं अशा अस्वच्छ व धोक्याच्या कामातल्या पालकांच्या मुलांना पहिलीपासून मिळते आणि उत्पन्नाची अट नाही.

• इतर मागास, आर्थिक मागास व विमुक्त-भटके (पी.एम. यशस्वी), नववी-दहावी : वर्षाला ४,००० रुपये. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत.

• अनुसूचित जमाती, नववी-दहावी : यात केंद्राचा वाटा ७५ टक्के.

• धार्मिक अल्पसंख्याक : २०२२-२३ पासून ही मॅट्रिकपूर्व योजना नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली.

• खाण व बिडी कामगारांची मुलं : ही श्रम मंत्रालयाची, आणि पहिलीपासून आहे. पहिली ते चौथी १,००० रुपये, पाचवी ते आठवी १,५००, नववी-दहावी २,०००, अकरावी-बारावी ३,०००. चुनखडीच्या खाणींतले कामगार यात येतात. घराघरात शहाबादी फरशी पोचवणाऱ्या शहाबाद, सेडम, चित्तापूर पट्ट्याला ही योजना सगळ्यात जवळची, पण तिची चर्चा कमी होते.

• दहावीनंतर अनुसूचित जाती : अकरावी-बारावीला घरून येणाऱ्यास वर्षाला २,५०० आणि वसतिगृहातल्यास ४,००० रुपये, शिवाय ठरलेलं शुल्क. केंद्राचा ६० टक्के वाटा सरळ विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो.

मराठी पालकांचा एक गैरसमज इथंच दूर करायला हवा. कर्नाटकात मराठी भाषक हे भाषिक अल्पसंख्याक आहेत. पण अल्पसंख्याक मंत्रालयाची शिष्यवृत्ती धार्मिक अल्पसंख्याकांची आहे : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी. मराठी बोलतो एवढ्यावर ती मिळत नाही. दुसरं, केंद्राची एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. दोन अर्ज भरले तर दोन्ही अडकू शकतात.

आठवीची परीक्षा : ४८,००० रुपयांचा प्रश्न

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती, म्हणजे एन.एम.एम.एस., २००८ पासून आहे आणि तिचा सगळा पैसा केंद्राचा. आठवीत परीक्षा, पास झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. देशात दरवर्षी एक लाख मुलांना मिळते. कर्नाटकाचा कोटा ५,५३४, महाराष्ट्राचा ११,६८२.

अटी : सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेची शाळा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५०). बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे प्रत्येकी ९० गुणांचे दोन पेपर. पास व्हायला ४० टक्के, राखीव वर्गाला ३२. नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि निवासी शाळांतल्या मुलांना ती नाही.

यात इथल्या मुलांची अडचण वेगळीच आहे. कर्नाटकात बऱ्याच गावांत प्राथमिक शाळा सातवीलाच संपते आणि आठवीला मूल हायस्कूलला जातं. अर्ज भरायची वेळ येते तेव्हा नवे गुरुजी त्याला ओळखत नसतात, जुन्या शाळेची जबाबदारी संपलेली असते. मराठी हायस्कूल जवळ नसेल तर माध्यमही बदललेलं असतं. म्हणून सातवीचा निकाल हातात पडला की उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, आणि जूनमध्ये नव्या शाळेत पहिली चौकशी याच परीक्षेची करावी. अर्जात माध्यम कोणतं भरलं गेलं तेही स्वतः बघावं. निवड झाली म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. निवड होऊनही इथे चुकणारी मुलं असतात. अकरावीत ती चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५.

पाचवीतल्या मुलांसाठी नवोदय विद्यालय हा पूर्ण केंद्राचा पर्याय. बीदर जिल्ह्याचं नवोदय बसवकल्याण तालुक्यातल्या नारायणपूरला आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पण मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवीत शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. मामाच्या गावचा पत्ता लावून चालत नाही.

दाखला कोणत्या राज्याचा?

सीमाभागातला सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बंजारा समाजाचंच बघा. औरादच्या तांड्यावरचा लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत. तोच समाज महाराष्ट्रात देगलूरला विमुक्त जातीत. आणि तेलंगणात नारायणखेडला अनुसूचित जमातीत. बोली एक, सोयरीक एक, वर्ग तीन. वडार समाजाचंही तसंच : कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त.

घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ नुसार या याद्या राज्यागणिक ठरतात. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात त्या वर्गाचे फायदे देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं. कुटुंब मूळचं कुठलं हे अधिसूचनेच्या वेळच्या कायम रहिवासावरून बघतात. साधारणपणे लेकराचा दाखला बापाच्या मूळ गावावरून निघतो, आईच्या माहेरचा कागद चालत नाही. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत ३-ब गटात आहे. पण राज्याची यादी आणि केंद्राची यादी एकच नसते, म्हणून योजना कोणत्या यादीवर चालते ते अर्जाआधी तपासावं.

मग कमलनगरचा मुलगा अकरावीला उदगीर-लातूरला गेला तर? अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा नियम सांगतो की पैसे मूळ रहिवासाचं राज्य देतं, शिक्षण कुठेही असो. म्हणजे अर्ज कर्नाटकातच करायचा, महाडीबीटीवर नाही. तसंच उमरग्याचा मुलगा कलबुर्गीत शिकत असेल तर त्याचा अर्ज महाराष्ट्राकडे.

पैसे अडतात कुठं

कर्नाटकात अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गाचे अर्ज राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर (एस.एस.पी.) भरतात. एन.एम.एम.एस., दिव्यांग, खाण-बिडी कामगार यांचे राष्ट्रीय पोर्टलवर. लागतं काय? शाळेचा सॅट्स क्रमांक, नाडकचेरीतून मिळालेल्या जात व उत्पन्न दाखल्याचा आर.डी. क्रमांक, आधार आणि आधार जोडलेलं बँक खातं.

पहिली अडचण नावाची. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रात इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने लिहितात, कन्नड वळणाने 'जे-एन'ने. आधार पुण्यात काढलेलं, शाळेची नोंद भालकीत, की नाव जुळत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो. वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, यावरूनही अडतं. पहिलीत नाव घालतानाच आधारावरचं स्पेलिंग सॅट्समध्ये तसंच चढवून घ्यावं.

दुसरी अडचण खात्याची. सरकारी पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं त्यात जातो. कुठल्यातरी मेळाव्यात दुसऱ्या बँकेचं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे पडून असू शकतात. 'पैसे आलेच नाहीत' म्हणण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते बघावं. बँक कोणत्या राज्यात आहे याने फरक पडत नाही.

तिसरी अडचण भाषेची. परिपत्रक कन्नडमध्ये, पोर्टल कन्नड-इंग्रजीत, पालक मराठी. मुदत संपल्यावर बातमी कळते. २०१५ च्या कायद्याने कन्नड शाळेत सक्तीची आहे. त्यामुळे सातवी-आठवीतलं लेकरू सूचना वाचून दाखवू शकतं. त्याच्याकडून वाचून घेण्यात लाज कसली?

विचारायचं कुणाला

पहिली पायरी शाळेची एस.डी.एम.सी. हिच्यात पालकच असतात, जेवणाचा, गणवेशाचा हिशेब मागायचा अधिकार तिला आहे. मग केंद्रप्रमुख म्हणजे सी.आर.पी., तालुक्याला बी.ई.ओ., जिल्ह्याला डी.डी.पी.आय. शिष्यवृत्तीसाठी तालुक्याचं समाजकल्याण किंवा मागासवर्ग कार्यालय. शिक्षण हक्काची पायमल्ली होत असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

तक्रार मराठीत चालते का? चालते. घटनेच्या कलम ३५० नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. उत्तर मात्र कन्नडमध्ये येऊ शकतं. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा : तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणून इथे कन्नडमध्ये करावा. आणि कलम ३५०-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं. त्यासाठी १९४९ पासून धरलेलं माप शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असं आहे. पट त्याखाली गेला की शिक्षकाची मागणीच लंगडी होते. गावातली मुलं मराठी शाळेच्या पटावर राहणं आणि पटावरच्या प्रत्येकाला त्याची रक्कम मिळणं, या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. शाळेत घालून काय मिळतं, हे पालक आधी विचारतोच.

वर्षाचं वेळापत्रक

जून : सॅट्समधलं नाव, जन्मतारीख आधाराशी जुळवणे, पुस्तकं-गणवेश मिळाले का बघणे. पावसाळ्यात : जात-उत्पन्न दाखले, नवोदय व एन.एम.एम.एस.ची चौकशी, पोर्टल उघडलं का ते शाळेत विचारणे. दसऱ्याआधी : ऊसतोडीला जायचं असेल तर शाळेला कळवून मुलाचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालणे. दिवाळीनंतर : अर्ज 'मंजूर' दाखवतो की 'त्रुटी', ते तपासणे. त्रुटी दुरुस्तीची मुदत थोडी असते. मार्च : खात्यावर रक्कम आली का, पासबुक भरून बघणे.

नववी-दहावीच्या दोन वर्षांत अनुसूचित जातीच्या मुलाचे ७,००० आणि मागास मुलाचे ८,००० होतात. मजुरी करणाऱ्या घरात एवढ्या पैशात मुलीचा बसपास, वह्या, परीक्षा फी सुटते, आणि ती दहावीला बसते.